पान जाग्यावर

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली की धामणखेडात महादेवरावांचा भाव वधारत असे. एरवी वर्षभर या माणसाला कोणी फारसं विचारत नव्हतं. थोडी काळी जमीन, एक बैलजोडी आणि बोलणं असं, की समोरच्यानं बोलून बोलून घसा कोरडा करावा तेव्हा यांनी एकदा "हाव" म्हणावं. पण अखाजीच्या दुसऱ्या दिवशी तांबडं फुटल्यावर ते आपल्या वावरातल्या घटापाशी उभे राहिले की सोनाळ्याचे मोठमोठे शेतकरीसुद्धा टोप्या सावरून त्यांच्या तोंडाकडे बघत.

घट मांडायची रीत त्यांच्या पणजापासूनची. अखाजीच्या संध्याकाळी वावरात पाणी शिंपून मोठं रिंगण आखायचं. रिंगणाच्या कडेनं ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, सरकी अशी सगळ्या धान्यांची मूठमूठ मांडायची. मधोमध उथळ खड्डा करून त्यात चार ढेकळं ठेवायची. ती पावसाच्या चार महिन्यांची, जेठापासून भादव्यापर्यंत. ढेकळांवर पाण्यानं भरलेली मातीची घागर, घागरीच्या तोंडावर तळलेली पुरी, आणि पुरीवर विड्याचं पान नि सुपारी. पुरी म्हणजे पृथ्वी आणि पान म्हणजे राजा. मग रात्रभर तिकडं कोणी फिरकायचं नाही. सकाळी ज्या महिन्याचं ढेकूळ भिजलेलं, त्या महिन्यात पाऊस. जे धान्य रिंगणाबाहेर पांगलं ते पिकणार, आत सरकलं ते बसणार. पान हललं तर राजाचं आसन हललं. यात खरं किती निघतं नि खोटं किती, याचा हिशेब कोणी मांडला नव्हता. पण महादेवराव दिसेल तेच सांगतात, पदरचा एक शब्द घालत नाहीत, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. तेवढ्या एका गोष्टीवर लोक बियाणं घराबाहेर काढत.

त्यांच्या बायकोला, मंजुळाबाईला, लग्न होऊन आली तेव्हा हा घट सवतीसारखा वाटला होता. बायकोला कधी दोन शब्द न बोलणारा नवरा त्या ढेकळांशी तासभर बोलल्यासारखा बसायचा. पुढं राग मावळला. घटावरची पुरी तीच तळू लागली, आणि सकाळी नवरा सांगू लागला की बांधावर बायकांत उभी राहून ती मान जरा ताठच ठेवू लागली.

ते आणीबाणीचं वर्ष होतं. मागच्या अखाजीला पान घसरून घागरीच्या काठाशी आलं होतं. "राजाच्या आसनाले ताप हाये," एवढंच महादेवराव बोलले होते. जेठातच रेडिओवर आणीबाणीचं आलं, आणि लोकांनी येऊन येऊन महादेवरावांच्या पाठीवर शाबासकी दिली. ती शाबासकी आता अंगाशी येणार होती.

शेजारी शालूबाई राहायची. तिचा नवरा रामराव तापट, पण मनाचा साफ. माघात नसबंदीच्या ऑपरेशनच्या गाडीनं बाजारातून माणसं धरून नेली, त्यात लग्न न झालेला एक पोरगा होता. रामराव कचेरीसमोर उभा राहून मोठ्यानं बोलला, इतकंच. दुसऱ्या दिवशी त्यालाही नेलं. कुठं ठेवलं, का ठेवलं, कधी सोडणार, कोणी सांगेना. तेव्हापासून शालूबाई विहिरीवर आली की बाकीच्या बायकांच्या बादल्या लवकर भरत आणि त्या घरची वाट धरत. मंजुळाबाईचीही भरे. तिला स्वतःची लाज वाटायची, आणि तरी बादली भरायची.

अखाजीच्या आधी जीप आली. जीपमधून फौजदार उतरला आणि मागून सरपंच वामनराव. फौजदार पुण्याकडचा, बोलायला मऊ. बाजेवर बसला, चहा घेतला, गुळाचा चहा छान लागतो म्हणाला.

"महादेवभाऊ," वामनराव म्हणाले, "आजकाल पाच मानसं जमले तरी गुन्हा हाये, तुमाले माईत हाये. अन तुमच्या घटाले तं जत्रा जमते. तरी यंदाची परवानगी म्या आनली. माह्या शब्दावर."

"हाव," महादेवराव म्हणाले.

"फक्त तेवढं पानाचं बघा," फौजदार म्हणाला. "देशात सगळं स्थिर आहे. गाड्या वेळेवर धावतात. मलकापूर स्टेशनवर जाऊन बघा तुम्ही. अशा वेळी पान हललं, आसन हललं, असं काही लोकांच्या कानांवर गेलं तर बरं दिसत नाही."

महादेवराव म्हणाले, "मंग यंदा मी पानच नाई ठेवत, साहेब."

"छे, छे! पान हवंच. पान नसलं तर लोक म्हणतील सरकारनं काढायला लावलं. आम्ही कशाला तुमच्या रीतीत हात घालू? तुम्ही पान ठेवा. फक्त ते जागेवर असलं पाहिजे."

"ते माह्या हातात नसते ना."

"मग कोणाच्या हातात असतं?"

महादेवरावांनी नुसतं वर बघितलं. फौजदारानंही वर बघितलं. वर कौलं होती आणि एक चिमणीचं घरटं होतं.

"वरच्या लोकांच्या मनातही तेच आहे," फौजदार हसत म्हणाला आणि उठला. अंगणात त्यानं बूट घालताना शेजारच्या दाराकडं नजर टाकली. "इथंच तो रामराव राहायचा ना?"

राहायचा, म्हणाला. राहतो नाही म्हणाला. दाराआड उभ्या मंजुळाबाईनं हातातली कपबशी खाली ठेवली.

त्या दुपारी उन्हानं अंगण फुफाट्यासारखं तापलं होतं. मंजुळाबाई सावलीत सुपात घटाची ज्वारी पाखडत होती. महादेवराव बैलाच्या खांद्यावरच्या जखमेला तेल लावत होते.

"सांगून टाका ना, पान जाग्यावर हाये मनून," ती म्हणाली. "कोनाचं काय जाते?"

"पडेल असलं तं?"

"पडेल असलं तरी."

"सारे जन डोयानं पाह्यतीन ना वं."

"पाह्यतीन अन चूप बसतीन. रामरावभाऊजीले नेलं तवाबी पाह्यलंच ना साऱ्याइनं? बोललं काय कोनी? तुमी बोलले? मी बोलली?"

बैलानं अंग थरथरवलं. महादेवरावांनी बोट परत तेलात बुडवलं. "पानाचं खोटं सांगतलं, तं मंग पावसाचं कोन खरं मानीन?"

"मले तुमचा पाऊसबी नाई पाह्यजे अन पानबी नाई पाह्यजे," मंजुळाबाई सूप खाली ठेवत म्हणाली. "मले तुमी पाह्यजे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, असं काही ती कधी बोलली नव्हती. महादेवराव तिच्याकडं वळले. काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही होतं, पण तेवढ्यात गफ्फार आला.

गफ्फार जुना स्नेही. घरची जमीन नाही, यंदा वामनरावांचा तुकडा बटईनं, निम्म्या वाट्यानं, केलेला. तो उंबऱ्यापाशी टेकला आणि डोक्याचा रुमाल सोडून घाम पुसू लागला. "महादेवभाऊ, पऱ्हाटीचं बियानं एकाच पेऱ्यापुरतं हाये आपल्यापाशी. जेठात टाकलं अन पानी दडी मारून बसलं, तं खतम. माही घरवाली हुस्नबानो म्हनते, भाऊ सांगतीन तवाच टाका."

"पाहू," महादेवराव म्हणाले.

"तुमचाच सबद हाये, बाकी कोनाचा भरोसा हाये आता?" असं म्हणून गफ्फार पाणी पिऊन गेला. मंजुळाबाई सूप घेऊन आत गेली आणि ज्वारी परत पाखडू लागली, पाखडून झालेलीच.

अखाजीच्या संध्याकाळी घट मांडला. यंदा बांधावर दोन शिपाई होते. वामनरावांनी सतरंजी आणवली होती आणि फौजदारासाठी खुर्ची. महादेवराव अनवाणी रिंगणात फिरले, धान्य मांडलं, ढेकळं ठेवली, घागर ठेवली. मंजुळाबाईनं पदराखालून पुरी दिली. त्यांनी तिच्यावर पान ठेवलं, पानावर सुपारी ठेवली, हात जोडले आणि रिंगणातून पाय बाहेर काढला. एकदा बाहेर निघाल्यावर सकाळपर्यंत, आणि सकाळीही, आत पाय टाकायचा नाही. वाचायचं ते काठावरून. त्यांच्या बापानं टाकला नव्हता, आज्यानं टाकला नव्हता.

शिपायांना रात्री राखणीला ठेवावं असं फौजदाराच्या मनात होतं. वामनरावांनीच त्याला बाजूला घेऊन समजावलं, की माणूस जवळ राहिला तर लोक घट मानणार नाहीत. सगळे गावात परतले.

पहाटे, माणूस दिसावा पण ओळखू येऊ नये अशा उजेडात, बायका रानाकडं जातात. त्या वेळी कोण कुठं चाललं हे कोणी विचारत नाही. महादेवराव विहिरीवर अंघोळीला गेले आणि मंजुळाबाई टमरेल घेऊन निघाली. नाल्याकडं जायचं तिच्या मनात होतं. पाय मात्र वावराच्या वाटेला लागले. नुसतं बघायचं, लांबूनच, असं ती स्वतःला सांगत होती.

घटापाशी आली तेव्हा सातपुड्याच्या अंगाला फटफटायला लागलं होतं. तिनं वाकून बघितलं. घागरीच्या तोंडावर पुरी होती आणि पुरीवर काही नव्हतं. सुपारी खड्ड्याच्या कडेला होती. पान खाली, ढेकळांजवळ, पालथं पडलं होतं.

कोणी बघितलं का म्हणून तिनं चारी बाजूंना पाहिलं. मग परत घटाकडं पाहिलं, आणि इतकी वर्षं ऐकून ऐकून डोळ्याला वळण लागलेलं, म्हणून तिला तेही दिसलं जे बघायला ती आली नव्हती. जेठाचं ढेकूळ कोरडं ठणठणीत होतं. आखाडाचं बुडापासून भिजून काळंभोर झालं होतं.

शालूबाईचं दार तिच्या डोळ्यांसमोर आलं. राहायचा, म्हणाला होता तो. टमरेल ठेवून ती कुंपणाशी गेली आणि बाभळीचा एक लांब काटा मोडून आणला. रिंगणाबाहेरून हात पुरेना. तिनं लुगडं वर खोचलं आणि एक पाय आत टाकला. काळी माती शिंपणानं ओली होती, पाय रुतला. वाकून तिनं पान उचललं, पुसलं, पुरीवर ठेवलं आणि काटा पानातून आणि पुरीतून आरपार घातला. काट्याचं वर राहिलेलं टोक सुपारीखाली दडवलं. आता वारा आला तरी पान हलणार नव्हतं.

तेवढ्यात बांधापलीकडं कोणीतरी खोकललं. ती दचकली, पाय खड्ड्याच्या कडेवरून घसरला, पायाखाली काहीतरी फुटलं. खोचलेलं लुगडं सुटून धान्यावरून फिरलं. मागं न बघता तिनं टमरेल उचललं आणि नाल्याची वाट धरली. घरी येऊन चूल पेटवली तेव्हा मनातून ती सुखावली होती. नवरा आता घरात राहणार होता.

उजाडलं तसं वावर माणसांनी भरलं. बीबी गावाहून कोणी पाहुणा आला होता, तोही होता. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. फौजदार खुर्चीत बसला होता, वामनरावांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. बायका बांधावर, मंजुळाबाई त्यांच्यात, आणि तिच्यापासून थोडी जागा सोडून शालूबाई.

महादेवराव वहाणा काढून रिंगणाच्या काठावर आले. दरवर्षी ते धान्यापासून सुरुवात करत, मग पाऊस आणि शेवटी पान.

"आधी पानाचं होऊन जाऊ द्या," फौजदार म्हणाला.

महादेवराव वाकले. वाकलेलेच राहिले. मंजुळाबाईला त्यांची नुसती पाठ दिसत होती, पण ती पाठ तिला चांगली ओळखीची होती. काटा त्यांनी बघितला, हे तिला पाठीवरूनच कळलं. मग त्यांची मान हळूहळू खाली गेली, घागरीवरून ढेकळांकडं, ढेकळांवरून मातीकडं. तिथं काय असेल ते तिला त्या क्षणी कळलं. ओल्या मातीत एक लहान पाऊल, आणि अंगठ्याशेजारच्या बोटापाशी जोडव्याची गोल खूण. तिच्या पायाला काळी माती वाळून चिकटली होती. धुवायचं सुचलंच नव्हतं. तिनं पायाची बोटं आत वळवली.

महादेवरावांनी मान वर केली. बायकांच्या रांगेकडं बघितलं, तिच्या तोंडाकडं, मग तिच्या पायांकडं. लगेच नजर काढून घेतली.

"पान जाग्यावर हाये," ते म्हणाले.

वामनरावांनी टाळी वाजवली. दुसऱ्या कोणी वाजवली नाही. फौजदारानं सिगारेट पेटवली, "झालं तर मग," म्हणाला आणि जीपकडं वळला.

लोक मात्र हलले नाहीत. राजाचं झालं होतं, आता त्यांचं व्हायचं होतं. गफ्फार पुढं सरकला. "महादेवभाऊ, आता पान्याचं सांगा. जेठात पेराव का नाई?"

त्या वेळी महादेवराव काहीही बोलले असते तरी चाललं असतं. जेठ बरा आहे म्हणाले असते तर लोक मान डोलावून घरी गेले असते, फौजदार सिगारेट ओढत गेला असता, वामनरावांनी पेढे वाटले असते आणि मंजुळाबाईनं संध्याकाळी नवऱ्याला जेवू घातलं असतं. सगळ्यांचं सगळं नीट झालं असतं, पेरणी होईपर्यंत.

"नाई सांगता येत," महादेवराव म्हणाले.

"काऊन?"

"जेठाचं ढेकूय फुटलं हाये. सरकी ज्वारीत मिसळली. घटात पाय पडला."

सगळं वावर एकदम कुजबुजलं. फौजदार थांबला आणि मागं वळला. वामनराव तरातरा पुढं आले. "पाय? कोनाचा पाय? दाखवा बरं!"

वामनराव आणि ते पाऊल यांच्यात आता फक्त रिंगणाची रुंदी राहिली होती. महादेवरावांनी आपला उजवा पाय उचलला आणि रिंगणात टाकला. त्या लहान पावलावर बरोबर ठेवला, अंगाचा सगळा भार दिला आणि टाच फिरवली.

"माहा," ते म्हणाले.

बांधावरच्या म्हाताऱ्या बायकांनी तोंडावर हात नेले.

"माहा पाय हाये. तांबडं फुटाच्या अगुदर मी आलतो. पान खाली पडेल होतं. पालथं पडेल होतं. फौजदारसायबाच्या भेवानं म्या ते उचललं अन काट्यानं टोचून ठेवलं." त्यांनी वाकून काटा उपसला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. सुपारी गडगडली. सुकून वळलेलं पान पुरीवरून घसरलं आणि साऱ्यांच्या देखत खाली पडलं.

एवढं लांबलचक बोलताना मंजुळाबाईनं त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पान पालथं पडलं होतं हे त्यांना कसं कळलं, हा विचार तिच्या मनात आला आणि मग तिच्या लक्षात आलं. पानाच्या वरच्या अंगाला माती लागली होती, तिनं घाईत पुसली तरी पुरती निघाली नव्हती. दिसेल तेच सांगणारा माणूस तेवढंही बघून बोलला होता. त्याच्या बोलण्यात पाय तेवढा खोटा होता. पान खरं होतं.

त्यांच्या बाजूनं कोणी बोललं नाही. "बापजाद्याचा घट नासवला याने," असं मागून एक म्हातारा म्हणाला आणि थुंकला. "सायबाचं भेव होतं तं मंग आमचं नुकसान काऊन केलं?" दुसरा म्हणाला. फौजदाराचा मऊपणा गेला होता. त्यानं शिपायांना नुसती बोटानं खूण केली.

"वहाना घालू द्या, साहेब."

"लागणार नाहीत," फौजदार म्हणाला.

मंजुळाबाईला ओरडायचं होतं. तिनं पाऊल उचललंही. तेवढ्यात कोणीतरी तिचं मनगट घट्ट धरलं. शालूबाई होती.

"चूप राह्य," शालूबाई कानाशी म्हणाली. "तूबी गेली तं ते बैलं कोन सोडीन?"

जीप धुरळा उडवत गेली. वामनरावांनी पेढ्यांचा पुडा तसाच धोतराच्या सोग्यात गुंडाळला.

घटाचं धान्य उचलून बैलांना घालायचं असतं. माणसं पांगल्यावर मंजुळाबाई एकटीच रिंगणात बसून एकेक दाणा वेचू लागली. आता आत पाय टाकायला कोणाची आडकाठी राहिली नव्हती. फुटलेल्या ढेकळाशी नवऱ्याचं रुंद पाऊल उमटलं होतं. त्यात तिनं आपलं पाऊल शोधलं, हातानं माती चाचपून बघितली. कुठंच नव्हतं. त्यांनी ते इतकं नीट झाकलं होतं की तिचं तिलाही सापडेना. मग ती रडली, वाकून, दाणे वेचता वेचता.

"भाभी."

गफ्फार आला होता. त्याच्या हातात महादेवरावांच्या वहाणा होत्या. तो जरा रागातच होता. "भाऊनं असं नाई करायले पाह्यजे होतं. सारी उमर मी त्यायच्या सबदावर पेरत आलो. पान बसवायचं होतं तं बसवायचं, आमचा जेठ कायले तुडवला?"

चूप राहिली असती तर कोणाला काही कळलं नसतं. नवऱ्यानं त्याचीच किंमत भरली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"जेठाचं ढेकूय कोरडं होतं, गफ्फारभाऊ," ती म्हणाली. "साफ कोरडं. अन आखाडाचं बुडापासून भिजेल होतं."

"भाऊनं सांगतलं तुमाले?"

"ते कवा सांगतीन? त्यायनं पाह्यलं तवा ते फुटेलच होतं."

गफ्फारच्या कपाळावर आठ्या पडल्या. तो तिच्याकडं बघत राहिला, मग त्याची नजर खाली तिच्या पायांकडं गेली, वाळलेल्या मातीकडं आणि जोडव्यांकडं. त्याचा राग उतरला. तो खाली वाकला, वहाणा तिच्यासमोर अलगद ठेवल्या, जशा काही त्या फुटणाऱ्या होत्या.

"या अल्ला," एवढंच तो म्हणाला आणि खालमानेनं निघून गेला.

महादेवरावांचा ठावठिकाणा जेठ लागला तरी कळला नव्हता. कोणी अकोला म्हणे, कोणी नागपूर. मंजुळाबाईनं एकटीनं वावर वखरून घेतलं, हाताला फोड आले, ते फुटले, परत आले. मग एके दिवशी आभाळ भरून आलं आणि दुपारभर चांगला पाऊस कोसळला. ओल हातभर खाली गेली. वामनरावांनी दुसऱ्याच दिवशी गड्यांना तिफणी जुंपायला लावल्या. गावात दुसरी एकही तिफण निघाली नाही. सगळ्यांच्या तिफणी भिंतींना टेकून उभ्या होत्या आणि माणसं ओट्यावर बसून तंबाखू मळत होती.

संध्याकाळी वामनराव मंजुळाबाईच्या दारात आले. ती उंबऱ्यापाशी पाय लांब करून डाळ निवडत बसली होती.

"वहिनी, गावात कोनी पेरून नाई राह्यलं," ते म्हणाले. "एवढी ओल हाये. गफ्फारले माहं वावर देल्लं, तोबी म्हनते आखाड पाहू. त्याले सांगतलं, वावर काढून घेतो. तरी नाईच म्हनते. कोनी सांगतलं यायले?"

"मले काय माईत, भाऊजी? घट तं ह्यायनं मोडला ना? तुमच्यासमोरच मोडला."

"साऱ्याइले विचारलं म्या. एकेकाले धरून विचारलं. सारे एकच म्हनते, आमच्या मनानं." वामनरावांचा आवाज खाली आला. असं गाव त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. "कोनी तं सांगतलं असंलच ना?"

मंजुळाबाई डाळीतला खडा शोधत राहिली. वामनरावांची नजर अंगणातून उंबऱ्यावर आली आणि तिच्या पायांवर थांबली. दिराच्या नात्याचा माणूस दारात आला की बाई पाय लुगड्याखाली ओढून घेते. तिनं ओढले नाहीत. जोडवी संध्याकाळच्या उन्हात दिसत होती. वामनराव बघत राहिले आणि ती त्यांना बघू देत राहिली. रिंगणात फिरवलेली महादेवरावांची टाच त्यांना आता आठवली असावी.

"मंजुळे, येतं काय वं पान्याले?" शेजारच्या दारातून शालूबाईनं हाक मारली.

"आली," म्हणून मंजुळाबाई उठली, सूप आत ठेवलं, बादली घेतली आणि वामनरावांच्या बाजूनं निघून गेली. ते अंगणात उभेच होते.

विहिरीवर गावातल्या सगळ्या बायका होत्या. या दोघी आल्या तेव्हा त्यांनी सरकून जागा केली. त्या दिवशी कोणाचीच बादली लवकर भरली नाही.